काटा झुकला नाही

पितळी दांडी तळहाताएवढी लांब होती. तिचं एक टोक जाड, दुसरं पसरट, आणि पसरट टोकात एक अरुंद चीर कापलेली. मधल्या खिळीवर ती झुलायची. रिकामी असली की जाड टोक खाली बसलेलं असायचं. सॉव्हरिन, म्हणजे एका पौंडाचं सोन्याचं नाणं, आधी चिरेतून सरकवून बघायचं, म्हणजे रुंदी आणि जाडी कळते. मग ते पसरट टोकावर ठेवायचं. वजनात असेल तर ते टोक खाली जातं आणि लाकडी पाटीवर टेकताना टक् असा आवाज होतो.

मॅरियनने नाणं चिरेतून काढलं आणि ठेवलं. टोक केसभर खाली आलं, थरथरलं आणि पुन्हा वर गेलं.

टक् झालं नाही.

"मधोमध ठेव गं," तिची आई बेरिल म्हणाली. "कडेला ठेवलंस."

मॅरियनने ते मधोमध ठेवलं. टोक पुन्हा तसंच केसभर आलं आणि परत फिरलं.

"खिडकी लावा," तिचा बाप लायोनेल म्हणाला. "वारा लागतोय."

"व्हाइस स्ट्रीटवर वारा कुठला? नुसता धूर आहे," मेव्हिस म्हणाली, पण भावाचं ऐकून तिने उठून खिडकी लावली.

तरीही दांडी झुकली नाही. टाळ्या वाजवायला उचललेले हात सगळ्यांनी हळूच खाली घेतले. टेबलावर हॅमची सँडविचेस होती, डबाबंद सामन मासा होता, काचेच्या भांड्यात ट्रायफल पुडिंग होतं, आणि लोकरी टोपी घातलेल्या किटलीत चहा मुरत होता. टिबेट्सांच्या घरात लग्नाच्या आदल्या दुपारी नवरीने नाणं झुकवायचं, मग सगळ्यांनी चहा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नवरीने ते नाणं डाव्या बुटात ठेवून चर्चमध्ये जायचं. हेस्टरने एकोणीसशे तेरा साली ते केलं होतं, तिची सून बेरिल हिने एक्केचाळीस साली. चहा थंड होईपर्यंत कुणालाच थांबावं लागलं नव्हतं.

खिडकीजवळच्या खुर्चीतून आजी हेस्टरने मान पुढे काढली. "झुकलं का, मेव्हिस?"

"मी मॅरियन, नॅन."

"तेच ते. झुकलं का?"

"झुकतंय," मॅरियन म्हणाली. आपण खोटं बोललो असं तिला वाटलं नाही; केसभर तर झुकत होतंच.

"मला आवाज आला नाही."

"तुला हल्ली कुठले आवाज येतात, आई?" लायोनेल म्हणाला.

"हा येतो."

लायोनेलने सिगारेट काढली, पेटवली नाही, परत पाकिटात घातली. त्याची अडचण नाण्याहून मोठी होती. त्याला समुद्राकाठी बंगली घ्यायची होती. ही सगळी आळी पाडून तिथे उंच इमारत बांधणाऱ्या माणसाला त्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर आईकडे होतं. जागा तिच्या नावावर, खालचा दागिन्यांचा कारखाना तिच्या नावावर. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आधी ती म्हणाली, नाताळ होऊ दे. मग म्हणाली, धुराड्याची दुरुस्ती होऊ दे. मग मॅरियनचा साखरपुडा. गेल्या रविवारी जेवताना, भाजलेल्या बटाट्यांवर रस्सा ओतता ओतता ती म्हणाली होती, "पोरीचं नाणं झुकलं की सांगते. विकायचं का ठेवायचं, आणि ठेवायचं तर कुणाकडे, तेव्हाच सांगते. आता पुन्हा विचारू नकोस."

ठेवायचं तर मेव्हिसकडे, दुसरं कुणी नव्हतंच. सेहेचाळीस वर्षांची मेव्हिस सतराव्या वर्षापासून खालच्या पॉलिशच्या खोलीत उभी राहत आली होती. अंगठ्यांत नाणी बसवणारे तीन कारागीर आणि पॉलिशवाल्या चार बायका तिच्या शब्दावर चालत. पण तिजोरीची किल्ली तिच्याकडे कधी आली नाही. रोज संध्याकाळी ती आईकडून किल्ली मागून घ्यायची आणि सोनं ठेवून परत द्यायची. शाळेतली मुलगी डस्टर परत करते तशी. का, ते तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराची तिला भीती वाटत होती.

"आता नाणंच झुकत नाही," लायोनेल हळू आवाजात बायकोला म्हणाला. "म्हणजे पुढच्या ईस्टरपर्यंत गेलं बघ."

"दाखवा बरं मला," बेरिल म्हणाली आणि तिने दांडीवरून नाणं उचललं.

बेरिलला या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात नाण्याचं काही काम तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. सकाळी सासूने सांगितलं, "उद्या फोटोवाला येईल, नाणं चकचकीत हवं." मेव्हिस तेव्हा फुलं आणायला गेली होती. मग बेरिलने स्वतःच खाली जाऊन ते पॉलिशच्या चाकावर धरलं आणि आरशासारखं केलं. तिला त्याचा अभिमान वाटत होता. आणि आता ते तिच्याच मुलीच्या हातून झुकत नव्हतं, म्हणून तिला रडूही येत होतं आणि रागही.

तिने ते उजेडात धरलं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलात ढाल. आणि वेलाच्या खाली, दाण्याएवढं, एक अक्षर.

"हे काय आहे? इथे एस लिहिलंय."

"बघू," लायोनेल म्हणाला. त्याने चष्मा कपाळावर ढकलून नाणं डोळ्याशी नेलं. "एस. आई, आपलं नाणं लंडनचं ना?"

"जोसायांनी लंडनहून आणलं," हेस्टर म्हणाली. जोसाया तिचा सासरा. त्याने हा कारखाना काढला तेव्हा इथे दागिने होत नसत, हे काटे होत. तेव्हा दर दुकानदाराच्या गल्ल्याजवळ असा एक काटा असायचा, कारण बँकेत हलकं नाणं गेलं की कारकून ते कात्रीने कापून हातात ठेवायचा. "पहिल्या काट्याची चीर त्यांनी ह्याच नाण्यावर बेतली. लंडनचं नाणं, घरी सगळ्यांना माहीत आहे."

"लंडनच्या नाण्यावर एस कशाला असेल?" बेरिल म्हणाली. "आणि इतकी वर्षं कुणाला दिसला नाही?"

"बघितलंच कुणी? बुटात तर असतं," मॅरियन म्हणाली. "आई, एस म्हणजे सिडनी. तिकडे सोनं सापडलं तेव्हा टांकसाळही तिकडेच काढली. वजन तेच, कस तोच, फक्त अक्षर वेगळं. इकडेही तशी नाणी सर्रास चालायची. पणजोबांनी ते लंडनला घेतलं असेल. म्हणून काही ते लंडनला घडलं असं नाही."

"हिने पुस्तकं वाचलीत," लायोनेल म्हणाला.

"पुस्तकात एक लिहिलंय आणि काटा दुसरंच सांगतोय," बेरिल म्हणाली. तिचा आवाज चढला. "मी सांगू का? हे ते नाणंच नाही. कुणीतरी बदललंय. सगळ्यांच्या मनात तेच आहे, बोलत कुणी नाही."

बेरिलला वाटलं होतं, कुणीतरी 'वेडी आहेस का' म्हणेल. तिने नवऱ्याकडे बघितलं, तर तो ट्रायफलकडे बघत होता. तिने सासूकडे बघितलं. सासू मेव्हिसकडे बघत होती.

मेव्हिसलाही ते दिसलं. आईचे डोळे निळे आणि पाणावलेले होते. त्यांत राग नव्हता. पावसाची खूण आधीच दिसलेली असावी आणि आता पहिला थेंब पडावा, तसं काहीतरी होतं.

"माझ्याकडे काय बघतेस, आई?"

"काही नाही, बाळ."

"लढाईत नाणं मेव्हिसकडे होतं," लायोनेल ट्रायफलला सांगावं तसं म्हणाला. "बॉम्ब पडायचे तेव्हा. तिने ते झग्याच्या अस्तरात शिवलं होतं."

"तुम्हीच शिवायला सांगितलंत! बाबांनी सांगितलं. अख्खा हिवाळा मी ते बरगडीशी घेऊन तळघरात बसले. अजून खूण असेल."

"मी कुठे काय म्हणतोय?"

"मग म्हण ना."

"सिरिल," बेरिल म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. तिला हे नाव नवऱ्याकडून कधीतरी, अर्धवट कळलं होतं. सोनं शुद्ध करणाऱ्या एका कारखान्यात सिरिल कारकून होता. मेव्हिसबरोबर त्याला लोकांनी दोन-तीनदा पाहिलं होतं. मग तो विमानदळात भरती होऊन कॅनडाला शिकायला गेला आणि तिकडचाच झाला.

मेव्हिस उभी राहिली. खोली तिला अचानक अनोळखी वाटायला लागली, जणू कुणीतरी सामान तेच ठेवून भिंती बदलल्या होत्या. "सिरिलचं काय?"

"तू त्याला स्टेशनावर पुडकं दिलंस," हेस्टर म्हणाली. "मी समोरच्या फलाटावर होते. तपकिरी कागदात बांधलेलं. आणि मग वसंतात लायोनेलचं लग्न झालं तेव्हा काटा अडला. झुकला, पण अडून झुकला. मला दिसलं."

"मोजे होते त्यात," मेव्हिस म्हणाली. "मी विणलेले. एक पाय मोठा झाला होता." तिने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "पंचवीस वर्षं तुला असं वाटतंय? की मी नाणं त्याला दिलं आणि खोटं आणून ठेवलं?"

"मला काय वाटतं ते मलाच कळत नव्हतं," हेस्टर म्हणाली. ते खरं होतं.

मॅरियनला हे सहन झालं नाही. उद्या आपलं लग्न आहे, ही गोष्ट खोलीतले सगळे विसरले होते, आणि तिला स्वतःलाही ती कुणा दुसऱ्याची वाटायला लागली होती. ती रंगाच्या एका कारखान्यात रसायनशाळेत काम करत होती. तिथे दोन माणसांचं जमलं नाही की तिसरा म्हणायचा, मोजून बघा.

"आत्या, तुझा बारीक काटा खाली आहे ना? मला एक ग्लास पाणी आणि एक दोरा दे."

"काय करणार आहेस?"

"ते खोटं आहे का बघणार आहे."

सगळे खाली गेले. हेस्टरला लायोनेलने हाताला धरून जिन्यावरून उतरवलं आणि पॉलिशच्या खोलीबाहेर कारागिरांच्या बाकावर बसवलं. सुट्टी दिलेली असल्यामुळे मेजं रिकामी होती. प्रत्येक मेजाखाली सोन्याचा कीस झेलायला चामड्याची झोळी टांगलेली होती. मॅरियनने नाणं काट्यावर ठेवलं आणि काचेच्या पेटीचं दार लावलं. मग तेच नाणं दोऱ्याने लोंबकळत ठेवून पाण्यात बुडवलं आणि पुन्हा वजन घेतलं.

"पाण्यात जितकं हलकं होतं तेवढ्यावरून त्याचं आकारमान कळतं," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, पण बोलल्याने तिचा हात स्थिर राहत होता. "सॉव्हरिनमध्ये चोवीस भागांत बावीस भाग सोनं असतं, बाकी तांबं. तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या साडेसतरा पटीहून थोडं जड भरतं. पितळ आठ पट. शिसंसुद्धा अकरा पट." तिने कागदाच्या पिशवीवर भागाकार केला, मग पुन्हा केला. "साडेसतराच्या वर. सोनं आहे हे. बावीस कॅरेटच."

"सोन्याचंच खोटं केलं असेल," लायोनेल म्हणाला. "सिरिलकडे सोन्याला काय तोटा?"

"बाबा, खरं नाणं घेऊन तितक्याच सोन्याचं दुसरं ठेवलं, तर त्याला मिळालं काय?"

लायोनेलने विचार केला. "मोजे," तो म्हणाला.

मेव्हिसला हसू आलं, आणि हसू आल्याचा तिला राग आला.

"पण मग ते झुकत का नाही?" बेरिल म्हणाली. "खरं आहे, सोन्याचं आहे, मग झुकत का नाही? काटा बिघडलाय का?"

मॅरियनने दुसऱ्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं, अंगठीत बसायला आलेलं नाणं वर नेऊन जोसायाच्या दांडीवर ठेवलं. खालपर्यंत आवाज आला, टक्. हेस्टरने मान हलवली. मॅरियन परत आली तेव्हा तिचा चेहरा आधीपेक्षा गोंधळलेला होता.

"काटा ठीक आहे. नाणं ठीक आहे. पण नाणं हलकं आहे. नवं असतं तेव्हा ते आठ ग्रॅमला जरासं कमी भरतं. कायदा पन्नास मिलिग्रॅम झीज चालवून घ्यायचा, आणि पणजोबांनी दांडी बरोबर त्या मर्यादेला लावली आहे. आपलं नाणं त्याच्या खाली गेलंय. थोडंसंच. म्हणजे कुणीतरी..."

"कानशीने घासलं," लायोनेल म्हणाला. "पूर्वी करायचे. कडा घासायच्या, कीस गोळा करायचा, नाणं पूर्ण किमतीला खपवायचं."

"या घरात?" बेरिल म्हणाली.

"मी घर म्हटलं का? मी पूर्वी म्हटलं."

मॅरियनने भिंग डोळ्याला लावलं. कडेचे दाते जागेवर होते, कानशीचा एकही ओरखडा नव्हता. पण दात्यांच्या माथ्यांना धार नव्हती, चोखलेल्या खडीसाखरेसारखे ते गोल झाले होते. ढालीवरचे सिंह गुळगुळीत होते. राणीच्या केसांच्या बटा एकमेकींत मिसळल्या होत्या. आणि मधली सपाट जागा इतकी चकचकीत होती की भिंगात तिला स्वतःचा डोळा दिसला.

"वापराने असं होतं का?" तिने भिंग आत्याकडे दिलं. "पण हे वापरलंच कुठे? ऐंशी वर्षं पेटीत तर आहे."

मेव्हिसने बघितलं. मग तिने भिंग खाली ठेवलं आणि बेरिलच्या हाताकडे बघितलं. बेरिलच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली विटकरी रंगाची एक रेघ होती.

"बेरिल, माझं चाक तू वापरलंस?"

"फक्त नाण्यापुरतं!" बेरिल म्हणाली. "आईंनी सांगितलं होतं. तू नव्हतीस. साफ करून ठेवलंय मी."

"पॉलिशची कोणती वडी लावलीस?"

"आधी तपकिरी, मग लाल. तू पोरींना शिकवतेस तशीच. तपकिरीने घासायचं, लालने चमकवायचं. का? चुकलं?"

"नाही. सगळं बरोबर केलंस. तपकिरी वडी ओरखडे काढते, बेरिल. ओरखडे काढते म्हणजे काय करते?"

बेरिलने नखाखालची रेघ बघितली. मॅरियनने झोळीतून बावीस कॅरेटच्या अंगठीचा एक टाकाऊ तुकडा उचलला, त्याचं वजन केलं आणि आत्याकडे दिला. मेव्हिसने डोक्याला फडकं बांधलं, चाक सुरू केलं, त्यावर तपकिरी वडी टेकवली आणि तुकडा धरला.

चाकाचा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या हेस्टरपर्यंत गेला. तिच्या कानांना माणसांचं बोलणं हल्ली तुटक यायचं, पण हा आवाज पूर्ण आला. आधी घरघर, मग सोनं टेकलं की बारीक होणारा सूर. या आवाजाला नेहमी एक उत्साह असायचा. उद्या काहीतरी आहे. कुणाचं लग्न आहे, नाहीतर कुणाचं बाळ चर्चमध्ये न्यायचं आहे आणि त्याच्या मुठीत नाणं ठेवायचं आहे. सासूने तिचा हात धरून दाखवलं होतं, 'असं धर, हलक्या हाताने, नवरीचं नाणं काळवंडलेलं चालत नाही.' मग लायोनेलच्या बारशाच्या वेळी तिने स्वतः केलं. मेव्हिसच्या वेळी केलं. नणंदेच्या तिन्ही मुलांच्या वेळी केलं. मॅरियनच्या वेळी केलं. चकचकीत करायचं तर चाकावर, हे काय सांगायला हवं? दुसऱ्या कुठल्या घरात बायका नाणं फडक्याने पुसतात. हे पॉलिशवाल्यांचं घर.

आणि एक्केचाळीस साली?

तिने डोळे मिटले. चाकाचा सूर पुन्हा बारीक झाला. छताला भोक पडलं होतं, आणि त्यावर ताडपत्री. मेव्हिसने अस्तर उसवून नाणं तिच्या हातावर ठेवलं होतं, अंगाचं ऊन होतं ते, घामाने आणि विटांच्या धुळीने मळलेलं. 'मी पुसते,' मेव्हिस म्हणाली होती. आणि हेस्टर म्हणाली होती, 'दे इकडे, पुसून काय होतंय?' सिरिलच्या त्या पुडक्याचा राग तिच्या मनगटात होता. तिने ते चाकावर दाबून धरलं होतं. तपकिरी वडी दोनदा लावली होती. बराच वेळ.

दुपारी काटा अडला होता.

चाक थांबलं. आतून मॅरियनचा आवाज आला, "कमी झालं! बघा, एवढ्यात कमी झालं. दोन-अडीच मिलिग्रॅम."

"म्हणजे चोर कोण?" लायोनेल विचारत होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"सगळे," मॅरियन म्हणाली. "दर लग्नाला, दर बारशाला. प्रत्येकाने थोडं थोडं. शेवटचं आज सकाळी आईने."

"अगं बाई," बेरिल खाली बसली. "मी लग्न मोडलं का हिचं?"

"लग्न कशाला मोडेल? नवरा काय त्या काट्यावर बसवायचाय?" मेव्हिस म्हणाली.

"आणि ते सोनं गेलं कुठे?" लायोनेल म्हणाला.

मेव्हिसने डोक्याचं फडकं सोडलं. "चाकाच्या पेटीत पडतं. तिथून जमिनीवर, जमिनीवरून केरात. हात धुतो त्या पाण्यात. दर वर्षी जूनमध्ये केर, पाणी, जुनी फडकी, सगळं जाळायला आणि गाळायला देतो ना? तुझी पहिली सायकल कशाच्या पैशातून आली?"

"केराच्या."

"मग थोडं नाणं तू चालवलंस, दादा."

लायोनेल हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. बेरिल त्याच्या पाठीवर थापटत होती आणि स्वतः डोळे पुसत होती. मॅरियन दाराशी आली तर बाकावर नॅन ताठ बसलेली होती, दोन्ही हात मांडीवर, डोळे मिटलेले.

"नॅन? बरी आहेस ना?"

"एक्केचाळीसला मी केलं पॉलिश," हेस्टर म्हणाली.

बेरिलचा लायोनेलच्या पाठीवरचा हात थांबला.

"मेव्हिस पुसते म्हणाली. मी दिलं नाही. मी चाकावर धरलं आणि मीच दुपारी बघत बसले, काटा का अडतो." तिने डोळे उघडले. "असं कसं झालं? मी चाळीस वर्षं पॉलिश केलं. सोनं झिजतं हे मला माहीत नव्हतं का? केर गाळायला मीच देत होते. आणि नाण्याच्या वेळी एकदाही माझ्या मनात आलं नाही."

मोजण्यासारखं होतं ते सगळं मॅरियनने मोजलं होतं; हे मोजता येत नव्हतं, आणि तिला ते विचित्र वाटलं.

मेव्हिस बाहेर आली. तिच्या हातात नाणं होतं. ते तिने आईच्या मांडीवर ठेवलं आणि उभीच राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं लायोनेलला वाटलं. ती साध्या आवाजात बोलली.

"रोज संध्याकाळी मी किल्ली परत दिली. मला वाटायचं, माझं काम कुठेतरी कमी पडतंय. म्हणून मी लवकर यायला लागले. सगळ्यांच्या आधी यायचे. सगळ्यांच्या नंतर जायचे. तेवढ्यात सिरिल लग्न करून दोन मुलांचा बाप झाला."

"तू विचारलं का नाहीस?" हेस्टर म्हणाली.

"तू सांगितलं का नाहीस?"

हेस्टरने नाणं बोटांत धरून फिरवलं. त्याचं अंग निसरडं होतं. वर चहा थंड झाला होता आणि ट्रायफलवरची साय बसली होती. रस्त्यावरून एक गाडी गेली, कपाटातल्या काचा किणकिणल्या.

"आई," लायोनेल घसा साफ करत म्हणाला. "मला आज उत्तर नको. ह्या सगळ्यानंतर नको. मी त्या माणसाला सांगतो, महिनाभर थांब. काटा झुकला नाही, तर तू बोलायला बांधलेलीही नाहीस."

त्याने हे चांगल्या मनाने म्हटलं होतं. मेव्हिसने मान वळवली आणि चाकाच्या पेटीचं झाकण लावायला आत जायला लागली. ते लावलेलंच होतं.

"काटा जोसायांनी दुकानदारांसाठी केला," हेस्टर म्हणाली. "अनोळखी माणसाने अनोळखी नाणं दिलं तर बघायला. घरातल्या नाण्यासाठी नव्हता तो." तिने गळ्यातली नाडी ओढली. झग्याच्या आतून तिजोरीची किल्ली बाहेर आली. नाडीची गाठ तिच्या बोटांना सुटेना. मॅरियन मदतीला पुढे झाली, हेस्टरने तिला हाताने बाजूला केलं आणि नाडी डोक्यावरून काढली. केसांच्या पिना नाडीत अडकल्या.

"उद्या नाणं असंच बुटात घाल," ती मॅरियनला म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही त्याला. फडकंसुद्धा नको."

मग तिने किल्ली समोर धरली.

"विकायचं नाही, लायोनेल. तुला समुद्राकाठी बंगली हवी आहे, त्याचं मागाहून बघू, तुझा वाटा तुला मिळेल. कारखाना मेव्हिसचा."

बेरिलला वाटलं, म्हातारीचं पुन्हा नाव चुकलं. तिने हळूच मॅरियनकडे बघितलं, मॅरियनने नॅनकडे. पण हेस्टर मॅरियनकडे बघत नव्हती. ती दारात पाठमोऱ्या थांबलेल्या, डोक्याचं फडकं हातात चुरगाळणाऱ्या आपल्या मुलीकडे बघत होती, आणि हात तसाच पुढे धरून तिने ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"मेव्हिसचा."